हात धुतलेत का, अम्मा?

माझ्या सासूच्या हातांचा मी वास घेत असे. रोज संध्याकाळी, बँकेतून आल्या आल्या, चपला काढायच्याही आधी. "हात दाखवा, अम्मा," असं मी म्हणायचं, त्यांनी दोन्ही पंजे पुढे करायचे आणि मी वाकून नाक लावायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात येतो तसला झोंबरा वास आला की पास. नाही आला तर मी नुसती दाराजवळच्या बेसिनकडे बघायची. बहात्तर वर्षांची बाई, उभ्या जन्मात कुणाचा एक शब्द ऐकून न घेतलेली, गुपचूप जाऊन हात धुऊन यायची.

आता हे सांगताना मी मान खाली घालून बसलेय, असं कुणी समजू नये. तेव्हा मला मजा यायची. चांगली पोटभर मजा यायची. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मी कोल्हापूरची. आमच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा शिजायचा आणि अख्ख्या गल्लीला कळायचं. पुण्यात शिकताना एक तंजावरकडचा मराठी मुलगा भेटला. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरले ते उतरलेच. त्याचं मराठी ऐकून पहिल्यांदा मी खो-खो हसले होते. शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. हसता हसता लग्न झालं आणि मी चेन्नईत मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. सासरे आधीच गेलेले. नवरा सकाळी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जायचा तो दिवे लागल्यावर उगवायचा. उरलो आम्ही दोघी, मी आणि अम्मा.

अम्मांचं सोवळं कडक होतं. त्याला त्या तमिळ शब्दानं मडी म्हणायच्या. पहाटे डोक्यावरून अंघोळ, मग वर उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं काठीनं उतरवून नेसायचं, आणि पूजा-स्वयंपाक उरकेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मी म्हटलं, असू दे बाई, सकाळचे तीन तास लांब राहायचं, आपलं काय जातंय! पण त्यापुढे 'पत्तु' नावाचं प्रकरण निघालं. शिजलेल्या भाताला हात लागला की तो हात पत्तु झाला. त्या हातानं दही नाही, तूप नाही, मीठ नाही, लोणचं तर नाहीच नाही. आधी हात धुवायचा. भाताचं पातेलं सरकवलं, धुवा. ताट उचललं, धुवा. ओटा पुसला, धुवा. दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा तो हात पाण्याखाली जायचा. आणि पुसायचा कशाला म्हणून नाही, कारण टॉवेल सोवळ्यातला नव्हे. ओलाच हात हवेत धरून उभं राहायचं, आपोआप सुकेपर्यंत.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी भात वाढला आणि त्याच हातानं दह्याचं भांडं उचललं. अम्मा आवाज न चढवता आल्या, माझ्या हातातून भांडं घेतलं आणि सगळंच्या सगळं दही मोरीत ओतलं. "कोल्हापुरास चालत असेल गो," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! पण नवी नवरी होते, गिळलं.

असली किती गिळली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. एक मात्र गिळली गेली नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा अम्मांनी दारातूनच सांगितलं की दहा दिवस विटाळ. गॅलरीच्या दाराशी एक वेताची खुर्ची होती, पाळीच्या दिवसांत मला तिथंच बसवायच्या, तिथंच बसले. जेवणाचं ताट त्या जमिनीवर ठेवायच्या आणि पायानं नव्हे, हो, काठीनं माझ्याकडे सरकवायच्या. मी रडत होते. माझी आई कोल्हापुरात, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, येऊ शकत नव्हती. त्या घरात बाईमाणूस म्हणून एक अम्मा. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी डोक्यावर हात ठेवावा. चार हातांवर त्या उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं, खोटं बोलणार नाही. पण हात नाही ठेवला. अकराव्या दिवशी मी न्हाऊन आल्यावर जवळ येऊन त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. तेव्हा मला तो नको होता. मी मान बाजूला केली.

पुढे तीन वर्षांनी मुलगी झाली. सातव्या महिन्यातच आली, मुठीएवढी. कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होती. पेटीपाशी जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, तिथल्या औषधी द्रवानं, नर्सच्या देखरेखीखाली. त्या नर्सचा दरारा मला फार आवडला. डॉक्टर असो, बाप असो, हात धुतल्याशिवाय कुणालाही ती आत सोडायची नाही. अम्मा पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा तिनं त्यांना फटकारलं, "पाट्टी, नीट धुवा, नखांत धुवा." पाट्टी म्हणजे आजी. अम्मांना कुणीतरी "नीट धुवा" म्हणतंय, हे ऐकून मला बाळंतपणात पहिल्यांदा हसू आलं.

घरी सोडताना त्याच नर्सनं बजावलं होतं, "घरी एवढं सगळं नको हं, साधा साबण पुष्कळ झाला." मी मान डोलावली आणि येताना वाटेत रिक्षा थांबवून जंतू मारणाऱ्या हिरव्या द्रवाची सगळ्यात मोठी बाटली घेतली. मग काय, सुरुवातच झाली. भांड्यांचा साबण जंतुनाशक, लादीचं पाणी जंतुनाशक, टूथपेस्ट जंतुनाशक, ओले रुमाल जंतुनाशक, बाळाचे कपडे शेवटी ज्या पाण्यातून काढायचे त्यातही दोन बुचं टाकायची. ज्या वस्तूवर ढालीचं चित्र आणि मरून पडलेले किडे दिसतील ती वस्तू आमच्या घरी आली. अम्मांनी बाळाच्या अंगाला लावायला मुगाचं पीठ दळून, चाळून डब्यात भरून ठेवलेलं. तो डबा मी वर माळ्यावर टाकला. म्हटलं, पिठात कीड होते.

आणि दाराजवळच्या बेसिनवर ती हिरवी बाटली ठेवली. नियम केला. ह्या बाटलीनं हात धुतल्याशिवाय पोरीला कुणी हात लावायचा नाही. नवऱ्यालाही लागू होता म्हणा, पण त्यानं एकदा पॅन्टला हात पुसले नि उचललं तिला, तर मी काही बोलले नाही. नियम कुणासाठी होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

अम्मांनी पहिल्या दिवशी बाटली हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ह्यात चरबी असते काय गो? कुठल्या जनावराची?"

"छे हो अम्मा, सगळं झाडपाल्याचं," मी म्हटलं. आत काय असतं ते मला तरी कुठं ठाऊक होतं! मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते कोण वाचतंय. त्यांनी विश्वास ठेवला. हात धुतले, ओले हात हवेत धरून उभ्या राहिल्या, आणि सुकल्यावर पुढे केले. मी पोर त्यांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा तेव्हा असा झाला की मला बघवेना. मी आत गेले.

पोर सहा महिन्यांची झाल्यावर मी बँकेत परत रुजू झाले. दिवसभर ती अम्मांकडे. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणावर माझा एवढा विश्वास बसला नसता, आणि ही गोष्ट मी त्यांना कधी कळू दिली नाही. उलट जाता जाता बाटलीवर स्केचपेननं रेघ मारून जायची. सकाळी द्रव कुठं होता, संध्याकाळी कुठं आला. एकदा फारच थोडा खाली गेलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "पाप्पा दुपारभर निजली होती. मग कशास धुवू?" पाप्पा म्हणजे बाळ, तमिळमध्ये. मी म्हटलं, "आणि तुमचं ते पत्तु? तेव्हा धुतलेत ना हात? नुसत्या पाण्यानं?"

"पत्तुस पाणीच लागतं की."

"नुसत्या पाण्यानं जंतू जात नाहीत, अम्मा. मग त्याच हातांनी पोरीला घेणार. धुवायचेच आहेत ना, मग नीट धुवा."

झालं. त्या दिवसापासून त्यांचे तीस-चाळीस वेळचे हात माझ्या बाटलीखाली आले. त्यांचा कायदा आणि माझा कायदा, दोन्ही एकाच हातांवर. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर एखादी आजी फार तर आठ-दहा वेळा धुती आणि सुटती. इथं त्यांना त्यांचं पत्तुही सोडता येईना आणि माझा नियमही मोडता येईना. वर पुसायचं नाहीच. हातावरचा तो द्रव नीट धुतलाही जात नसे, बोरिंगचं खारट पाणी, चिकटा जायचाच नाही.

दोन महिन्यांत बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे आले. मग कातडी पांढरी पडून पापुद्रे निघायला लागले. मग चिरा. भात कालवताना त्या चिरांत मीठ जायचं आणि त्या ओठ मिटून घ्यायच्या. मला दिसत नव्हतं असं नाही. मी रोज त्या हातांना नाक लावत होते, सहा इंचांवरून बघत होते. एके दिवशी हात दाखवताना त्यांनी तळवे वर केले, पाठची बाजू लपवली. मी पंजा धरून उलटा केला. एक चीर फुटून तिथं रक्त साकळलेलं. "वय झालं की कातडं वाळतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो ना, खोबरेल लावत जा." आणि वास घेतला.

शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं आईचे हात बघितले आणि मलाच ओरडला, "डोळे फुटलेत का तुझे?" मग मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी हात निरखले आणि म्हणाल्या, कशाची तरी ॲलर्जी दिसतेय, तपासून बघू. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, एकेका पट्टीखाली एकेक पदार्थ. आणि सांगितलं, दोन दिवस पाठ ओली करायची नाही.

म्हणजे अंघोळ नाही! डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय अम्मांचा दिवस उजाडत नसे. अंघोळ नाही म्हणजे मडी नाही, पूजा नाही, स्वयंपाकघरात पाऊल नाही. घरी आल्यावर त्या आपण होऊनच गॅलरीच्या दाराशी गेल्या आणि त्याच वेताच्या खुर्चीत बसल्या. मला उकळ्या फुटत होत्या. मी बँकेत रजा टाकली, दोन दिवस स्वयंपाक माझा. मी कांदा चिरला, लसूण ठेचला, त्या घरात आजवर न झालेली झणझणीत आमटी केली आणि ताट वाढून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. काठी तेवढी वापरली नाही. वाटलं होतं, नाही असं नाही.

त्यांनी आमटी बाजूला सारून नुसता ताकभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडायला लागली. मी थोपटलं, फिरवलं, थांबेना. अम्मा खुर्चीतून म्हणाल्या, "इकडे दे गो."

"तुमची अंघोळ नाही झालेली," मी म्हटलं. "चालेल तुम्हाला?"

त्यांनी रडत्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाप्पास मडी कशाची! दे."

त्या बाईच्या तोंडून हे निघायला सत्तर वर्षं लागली होती. दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. मी बेसिनकडे बोट केलं. पाठीवर पाणी उडू नये म्हणून त्या अंग अवघडून, हात लांब करून उभ्या राहिल्या आणि फुटलेल्या चिरांवर तो हिरवा द्रव चोळला. मी पोर दिली. ती दोन मिनिटांत झोपली.

पट्ट्या काढायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आधी अम्मांना आत घेतलं, मग मला बोलावलं आणि इंग्रजीत समजावून सांगितलं. जंतू मारायला म्हणून साबणात जे घालतात त्याचीच ॲलर्जी आहे, एका पट्टीखाली कातडी भाजल्यासारखी झालीये. "घरात हे कशाला वापरता?" बाई म्हणाल्या. "साधा साबण आणि पाणी तेच काम करतं. ह्यातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्समध्ये लुडबुड करतात असा संशय आहे, काही देशांनी हाताच्या साबणातून काढूनसुद्धा टाकलीत. सारखा मारा केला की जंतूही निर्ढावतात म्हणतात. लहान बाळ आहे ना घरात? बंद करा सगळं."

मी घाबरले. पोरीसाठी. फक्त पोरीसाठी.

रिक्षात अम्मांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही, वयानं कातडी कोरडी पडलीये. मलम दिलंय." त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

आता जे सांगणार आहे ते मी नवऱ्यालाही आजतागायत सांगितलेलं नाही. त्या रात्री मी चष्मा लावून घरातल्या एकूण एक बाटलीच्या मागचं वाचलं. पोरीचे ओले रुमाल फेकले. कपड्यांच्या पाण्यात बुचं टाकणं बंद केलं. टूथपेस्ट बदलली. माझ्यासाठी आणि पोरीसाठी साधा पांढरा साबण आणून आतल्या न्हाणीत ठेवला. आणि दाराजवळच्या बेसिनवरची हिरवी बाटली तशीच ठेवली. अम्मांसाठी.

का? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. त्या देवळात जातात, फुलंवाल्याकडून फुलं घेतात, भाजी चिवडून निवडतात, त्यांच्या हातांना हवंच. एकदम काढली तर विचारतील का काढली, मग सांगावं लागेल. पुढच्या महिन्यात काढू. मलम लावतायत, बरं वाटेल. सगळी थापेबाजी. खरं कारण एवढंच की त्या घरात माझं म्हणून एकच राज्य होतं, ते बेसिनपासून पाळण्यापर्यंतचं, आणि ते मला सोडवत नव्हतं. बाटली काढायची म्हणजे माझं चुकलं म्हणायचं. त्या बाईसमोर? मेले तरी नाही!

असे चार महिने गेले. त्या मलम लावायच्या, पुन्हा धुवायच्या, पुन्हा लावायच्या. मी वास घ्यायची. रेघ मारायची. बाटली संपली की नवी आणायची.

मग एका सकाळी त्यांना कॉफी गाळता येईना. उजवा हात सुजून लालबुंद, कोपरापर्यंत रेघ चढलेली, अंगात सणसणून ताप. चिरांतून विष आत गेलेलं. दवाखान्यात ठेवलं. पहिलं औषध लागू पडेना, दुसरं पडेना. जंतू निर्ढावलेले निघाले. त्यांना आमच्या बाटलीनं निर्ढावलं का, असं मी विचारलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. मला मात्र त्यांनी "नाही" म्हणायला हवं होतं. तिसऱ्या औषधानं ताप उतरला. दोनदा चिरून पू काढला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं आता पहिल्यासारखी वळणार नाहीत, मूल उचलायला वगैरे तो हात धरू नका, असं सांगितलं.

पोर तेव्हा चौदा महिन्यांची. नवरा तिला दवाखान्यात घेऊन आला. अम्मांना बघताच तिनं झेप घेतली, दोन्ही हात पुढे करून, "पाट्टी, पाट्टी" करत. अम्मांनी आपले हात उचलले. दोन्ही मनगटापर्यंत बांधलेले, डाव्यालाही चिरांवर मलमपट्टी. तसेच खाली ठेवले. नवऱ्यानं पोरीला बाहेर नेलं, तिचं रडणं पार लिफ्टपर्यंत ऐकू येत होतं.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. सकाळची दहाची वेळ, खिडकीतून चांगलं ऊन आलेलं. मला वाटलं, सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. त्यांच्यासाठी नव्हे. मला आठ दिवस झोप नव्हती, मला झोप हवी होती.

"अम्मा," मी म्हटलं, "तुमचे हात त्या बाटलीनं गेले. डॉक्टरबाईंनी तेव्हाच मला सांगितलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. मला माहीत होतं आणि मी बाटली काढली नाही."

त्या छताकडे बघत होत्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील, लेकाला हाक मारतील. मी तयारीत होते. शिव्या मला चालल्या असत्या.

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "ती डॉक्टर तमिळच. तुला सांगायच्या अगोदर मला सांगितलं तिनं. हे टाक, म्हणाली. आणि तू पाप्पास वेगळा साबण आणलीस तोही बघितला मी."

मी विचारलं, "मग धुवत का राहिलात? रिक्षात मला विचारलंत कशाला?"

"तू सांगतीस काय ते बघत होते." मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट. भाव विचारावा तसं साधं विचारलं, "हात धुतले नसते, तर पोर दिली असतीस काय गो?"

हो म्हणायला काय लागत होतं? समोर म्हातारी बाई दोन्ही हात बांधून पडलेली. आजवर इतकी खोटी बोलले होते, हे एक बोलले असते तर पुण्यच लागलं असतं. आणि त्याही मला तेवढी सवड देऊन थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "नसती दिली."

"हं," अम्मा म्हणाल्या. "मला तेच वाटलं."